समुद्र दिसला, बाकीचे राहिले

महोदय,

कॅलिफोर्नियाच्या सायप्रस पॉइंट गोल्फ क्लबवर सप्टेंबर २०२५ मध्ये वॉकर चषक झाला. त्याबद्दल लिहिताना आपण तिथल्या समुद्राच्या लाटांचा फोटो छापलात. अमेरिकेच्या हौशी गोल्फपटूंनी ब्रिटन-आयर्लंडचा १७-९ असा धुव्वा उडवला. १९२८ साली खुल्या झालेल्या या मैदानाच्या सोळाव्या होलवर चेंडू थेट समुद्रावरून, दोनशेहून जास्त यार्ड मारावा लागतो. वारा फिरला की भलेभले गांगरतात. देखणे आहेच, वादच नाही! पण १९९० मध्ये पीजीए टूरने (व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवणाऱ्या अमेरिकी संस्थेने) सदस्यत्वातील वर्णभेदाविरुद्ध नियम करताच, तो पाळण्याऐवजी याच क्लबने व्यावसायिक स्पर्धेचे यजमानपद सोडून दिले होते. त्या लाटांच्या फोटोशेजारी एवढी एक ओळ मावली असती की!

– एक वाचक, सातारा