पेटंट संपलं, छापील किंमत कधी उतरणार? केंद्रीय आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय श्री. जगत प्रकाश नड्डा साहेब,

स. न. वि. वि.

मी एका कॅन्सर हॉस्पिटलसमोर औषधांचं दुकान चालवतो. ट्रास्टुझुमॅब न्यायला आलेला माणूस चिठ्ठी पुढे करतो आणि पहिला प्रश्न विचारतो, "एमआरपीवर किती सोडाल?" स्तनाच्या कॅन्सरचं हे इंजेक्शन दर तीन आठवड्यांनी, बहुतेक वर्षभर घ्यावं लागतं. त्यावर भाजीसारखी घासाघीस होते, कारण छापील किमतीत तेवढी जागा असते. ज्याला हे ठाऊक नाही तो पूर्ण पैसे मोजतो. (त्यात फायदा माझ्यासारख्यांचा, हे लपवत नाही.)

या इंजेक्शनचा मूळ ब्रँड हर्सेप्टिन. रोश या स्विस कंपनीने त्याचं भारतातलं पेटंट 2013 मध्ये सोडून दिलं. 2014 च्या सुरुवातीला बायोकॉनचं कॅनमॅब हे त्याचं बायोसिमिलर (मूळ जैविक औषधासारखंच, दुसऱ्या कंपनीने बनवलेलं औषध) आलं, 440 मिलिग्रॅमची व्हायल 57,500 रुपयांना. रोश कोर्टात गेली, तरी रिलायन्स, झायडस उतरलेच. स्पर्धा खरी झाली, पण हॉस्पिटलांच्या खरेदी विभागात. खोक्यावरचा आकडा त्या वेगाने खाली आला नाही.

दर किती पडू शकतात, हे टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने चालणाऱ्या नॅशनल कॅन्सर ग्रिडने, म्हणजे कॅन्सर हॉस्पिटलांच्या जाळ्याने, दाखवलंय. 40 औषधांची एकत्र बोलणी केली आणि 1,320 कोटी रुपये वाचवले. ट्रास्टुझुमॅब 2015 पासून अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे एनपीपीए (औषधांच्या किमती ठरवणारं सरकारी प्राधिकरण) त्याची कमाल किंमत ठरवते. पण कशी? किमान 1 टक्का बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडांचे दुकानदाराला पडणारे दर घ्यायचे, सरासरी काढायची, वर 16 टक्के मार्जिन. ग्रिडने मिळवलेला दर या हिशेबात कुठेच नाही!

एनपीपीए ज्या रसायन आणि खत मंत्रालयाखाली येते, तेही आपल्याकडेच आहे. 2019 मध्ये औषध किंमत नियंत्रण आदेशाचा परिच्छेद 19 (जनहितासाठी किमतीत हस्तक्षेपाचा खास अधिकार) वापरून 42 कॅन्सर औषधांच्या मार्जिनवर 30 टक्क्यांची मर्यादा घातली गेली होती. तोच परिच्छेद पुन्हा काढा आणि बायोसिमिलरची छापील किंमत ग्रिडच्या दराशी बांधा. निवोलुमॅब या कॅन्सरच्याच दुसऱ्या औषधाच्या भारतीय पेटंटची मुदत 2 मे 2026 ची. निदान त्याच्या बाबतीत तरी दहा-बारा वर्षं लावू नका.

आणि हे जमेपर्यंत ग्रिडचे दर जाहीर करा. यादी मी स्वतः दुकानाच्या दारावर लावतो.

आपला,
एक औषधविक्रेता