‘मागास’ म्हणजे नेमके काय कमी?

मा. संपादक,

मराठवाडा, विदर्भ, नंदुरबारच्या बातम्यांत ‘मागास’, ‘अविकसित’ आणि ‘अनुशेष’ हे शब्द एकाच अर्थाचे असल्यासारखे छापले जातात. त्याने वाचकाची दिशाभूल होते.

‘अनुशेष’ हा हिशेबाचा शब्द आहे. राज्यातला प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी नेमलेल्या वि. म. दांडेकर समितीने १९८४च्या अहवालात रस्ते, सिंचन, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढली. जिल्हा त्या सरासरीच्या जितका खाली, तितका त्याचा त्या क्षेत्रातला अनुशेष. त्यामुळे रस्त्यांत सरासरीच्या वर असलेला जिल्हा सिंचनात खूप खाली असू शकतो. ‘अमुक जिल्ह्याचा अनुशेष’ एवढेच लिहिले तर कशाचा, हे कळतच नाही. शिवाय आर्थिक अनुशेष वेगळा आणि भौतिक वेगळा. निधी दिला की कागदावर पहिला भरून निघतो. अमरावती विभागात सिंचनाचा पैसा पोचल्यावरही हेक्टरांमधला अनुशेष उरलाच. बातमीत रुपये मोजलेत की हेक्टर, हे लिहायलाच हवे. वर्षही हवे. नंदुरबार आणि वाशीम हे जिल्हे १९९८ साली झाले, तेव्हा १९८४च्या तक्त्यांत त्यांचा आकडा असणे शक्यच नाही.

२०१८पासून केंद्र सरकारच्या मागे पडलेल्या जिल्ह्यांसाठीच्या कार्यक्रमातून ‘आकांक्षित जिल्हे’ हा शब्द आला. महाराष्ट्रातले चार : नंदुरबार, धाराशिव, वाशीम, गडचिरोली. शब्द सौम्य आहे, पण इथेही चूक होते. दरमहा जाहीर होणारा ‘डेल्टा’ क्रमांक सुधारणेचा वेग सांगतो, पातळी नव्हे. तळाशी असलेला जिल्हा एखाद्या महिन्यात वरचा क्रमांक मिळवू शकतो. त्याचा मथळा ‘विकासात अव्वल’ असा करणे चुकीचे आहे.

जिल्ह्याची सरासरीही फसवी असते. नंदुरबारमध्येच तापीकाठच्या शहाद्यात केळी, पपई, ऊस आहे आणि सातपुड्यातल्या धडगाव, अक्कलकुव्यात पाड्यापर्यंत रस्ता नेणेसुद्धा कठीण आहे. दोन्हींना एकच विशेषण लावले की धडगावची गरज शहाद्याच्या आकड्यांखाली दडते. आणि ‘मागास भागातील विद्यार्थी’ असे छापले की जो शिक्का रस्त्याला, दवाखान्याला लागायचा, तो त्या मुलाच्या कपाळी बसतो. हे आम्हाला सर्वांत जास्त खुपते.

आपल्या वार्ताहरांना एवढेच सांगावे : ‘मागास तालुका’ लिहिण्याऐवजी कोणती सोय, किती कमी, कशाच्या तुलनेत आणि कोणत्या वर्षी, हे लिहा. आकडा हाती नसेल तर विशेषण गाळा आणि तालुक्याचे नुसते नाव द्या.

आपले,
प्रादेशिक नियोजनाचे अभ्यासक, नांदेड