दोन पेनी, चक्रवाढ व्याजाने

चि. ईशा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की ‘मेरी पॉपिन्स रिटर्न्स’ म्हणजे मुलांना सांभाळायला येणाऱ्या जादूच्या बाईच्या जुन्या चित्रपटाची, ‘मेरी पॉपिन्स’ची, नुसती झेरॉक्स आहे आणि रेवाला तो दाखवायची गरज नाही. आईने मध्येच फोन घेतला, त्यामुळे माझं म्हणणं राहून गेलं. ते आता लिहूनच कळवतो, म्हणजे मला कोणी तोडणार नाही.

झेरॉक्सचा आरोप सांगाड्यापुरता कबूल. १९६४ साली धुराडी साफ करणारा बर्ट होता, २०१८ साली रस्त्यावरचे दिवे लावणारा जॅक आला. तेव्हा छपरांवर नाच, आता दिव्यांच्या खांबांभोवती. खडूच्या चित्रात मारलेली उडी आता चिनी मातीच्या भांड्यावरच्या चित्रात मारायची. हसत हसत छताला जाऊन टेकणाऱ्या अंकल अल्बर्टच्या जागी उलट्यापालट्या दुकानातली टॉप्सी. (मेरिल स्ट्रीप असूनही तेवढ्या वेळात मी चहा करून आलो.) आणि शेवटी पतंगाऐवजी फुगे. प्रत्येक खणातलं जुनं काढून तिथे त्याच मापाचं नवं ठेवलंय, हे लपतच नाही.

पण गाणी फिकी आहेत असं जे तू म्हणालीस, ते मला मान्य नाही. जुन्यातली शर्मन बंधूंची गाणी तू लहानपणापासून ऐकत आलीस, नव्यातली मार्क शायमनची एकदाच ऐकलीस. हा सामना बरोबरीचा नाही. शिवाय त्यातली एक अंगाई पुन्हा ऐक, हरवलेल्या गोष्टी जातात कुठे, असं विचारणारी. पहिल्या चित्रपटातल्या घरात कोणी गेलेलं नाही. तिथे बाप घरात असून नसल्यासारखा आहे, एवढंच दुःख. इथे मुलांची आई गेलीय आणि बाप हिशेबाच्या कागदांमागे तोंड लपवतोय. हे गाणं पहिल्याच्या चौकटीत बसलंच नसतं. त्याला ऑस्करचं नामांकन होतं, बक्षीस मिळालं नाही.

नवी मेरी झालेल्या एमिली ब्लंटबद्दलही तू जरा कंजूषपणा केलास. ज्या भूमिकेने ज्युली अँड्र्यूजला ऑस्कर मिळवून दिलं, ती भूमिका पुन्हा करायची म्हणजे काय ते बघ. ब्लंटने नक्कल टाळली. तिची मेरी जास्त कोरडी आहे, आरशात स्वतःवर खूश होणारी, पी. एल. ट्रॅव्हर्सच्या पुस्तकातल्या मेरीच्या जवळ जाणारी. ट्रॅव्हर्सबाईंना पहिला चित्रपट, विशेषतः त्यातली कार्टून्स, रुचलाच नव्हता. ही मेरी बघायला त्या असत्या तर निदान नाक कमी मुरडलं असतं, असा माझा अंदाज. आणि अँड्र्यूजबाईंनी नव्या चित्रपटात पाहुणी म्हणून यायला नकार दिला, कारण लोकांचं लक्ष ब्लंटवरून उडेल. मला हे फार आवडलं.

मग चित्रपट कमी कुठे पडतो? माझ्या मते दोन पेनींपाशी.

आठव, पहिल्यात मुलांचा बाप, मिस्टर बँक्स, त्यांना स्वतः नोकरी करतो त्या बँकेत घेऊन जातो. धाकट्या मायकेलला सेंट पॉल्स चर्चच्या पायऱ्यांवरच्या म्हातारीकडून पाखरांसाठी दाणे घ्यायचेत, आणि बँकेच्या म्हाताऱ्या मालकाला ते दोन पेनी खात्यात हवेत. पोरगं ‘माझे पैसे परत द्या’ म्हणून ओरडतं, बाकीचे खातेदार ते ऐकतात आणि काउंटरवर झुंबड उडते. अफवेवर रांग कशी लागते हे मी काउंटरच्या आतून पाहिलंय, त्यामुळे हा प्रसंग मला कधी अतिशयोक्त वाटला नाही. मग बँक्सची नोकरी जाते. तो तेच दोन पेनी मालकाच्या हातावर ठेवतो आणि घरी येऊन फाटलेला पतंग दुरुस्त करतो. सगळा चित्रपट त्या एका कृतीवर उभा आहे. खलनायक नाही, बापाला बदलायचं असतं आणि तो बदलतो.

दुसऱ्यात मायकेल मोठा झालाय. १९३५ची मंदी, घरावर कर्ज, हप्ते थकलेले, बँकेची नोटीस. सुरुवात उत्तम. पण मग विल्किन्स नावाचा सरळसरळ दुष्ट बँकवाला येतो, बापाच्या शेअरची नोंद असलेलं रजिस्टरचं पान फाडतो, त्या शेअरचा कागद शोधायची धावपळ सुरू होते, मुदत टळू नये म्हणून बिग बेनचे काटे मागे सरकवले जातात. आणि शेवटी घर कशाने वाचतं? त्याच दोन पेनींनी! ते म्हणे तेव्हापासून गुंतवलेले होते आणि आता वाढून कर्जाला पुरले. नव्वदी ओलांडलेला डिक व्हॅन डाइक (पहिल्यातला बर्ट, इथे त्या म्हाताऱ्या मालकाचा मुलगा) ही बातमी टेबलावर चढून नाचत देतो, म्हणून माणूस टाळ्या वाजवतो. मीही वाजवल्या.

नंतर मात्र सवयीने हिशेब केला. पहिली गोष्ट १९१०ची, दुसरी १९३५ची, म्हणजे पंचवीस वर्षं. दसादशे ५ने २ पेनींचे ७ पेनीही होत नाहीत. १० टक्के धरले तरी २२च्या आत, आणि तेव्हा एका पौंडाला २४० पेनी लागायचे! जादूच्या गोष्टीत व्याजदर काढू नये हे मला कळतं. छत्री धरून बाई उडते ते मी मुकाट्याने मान्य केलंच की. माझी तक्रार वेगळी आहे. पैसे बँकेत न जाता पाखरांकडे जावेत म्हणून पहिल्या चित्रपटात एवढा गोंधळ झाला, आणि चोपन्न वर्षांनी आलेल्या चित्रपटात मालकाचा मुलगा सांगतो की बँक बरोबर होती, ठेव फळली. गाणं, नाच, कपडे, सगळं जपलं, आणि मुद्दाच उलटा करून टाकला. झेरॉक्स असती तर निदान हे झालं नसतं.

तरीही रेवाला दाखव, आणि उलट क्रमाने दाखव. आधी दुसरा. तिला खांबांभोवतीचा नाच नवाकोरा वाटेल, ती अंगाई तिची होईल. पुढच्या सुट्टीत पहिला. त्या दोन पेनींपाशी ती नक्की थांबवून विचारेल की हा मुलगा पैसे बँकेत का देत नाही, त्यातूनच तर पुढे घर वाचतं. उत्तर तू किंवा जावईबापूंनी द्या. माझ्याकडे फोन देऊ नका. आयुष्यभर लोकांना ठेवी ठेवायला सांगून मी पाखरांच्या बाजूने बोललो, तर पोरीचा माझ्यावर विश्वास बसायचा नाही.

तुझा,
बाबा