बेटावर वेगळे केंद्र नको

चोडण, दिवाडीसारख्या बेटांवर एचआयव्हीबाधितांसाठी स्वतंत्र उपचार केंद्र हवे, हे आपल्या अंकातील लेखातले मत वाचले. हेतू चांगला, पण उपाय पटला नाही. फेरीबोटीतला प्रत्येकजण जिथे घराण्यासकट ओळखीचा असतो, तिथे अशा केंद्राची पायरी कोण चढेल? उपचारासाठी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापर्यंतचे (गोमेकॉ) अंतर माणूस सोसतो. शेजाऱ्यांच्या नजरा सोसवत नाहीत. गोव्याने हे पाहिले आहे. १९८९ मध्ये डॉमनिक डिसोझा या तरुणाला केवळ एचआयव्ही आहे म्हणून म्हापशात ६४ दिवस डांबले होते, आणि तेही कायद्याच्या आधारे!

२००४ पासून सरकारी केंद्रांत एचआयव्हीवरची औषधे मोफत मिळू लागली. ती रोज घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर लैंगिक संबंधातून लागण होत नाही. खंड पडला की तो पुन्हा वाढतो. म्हणून प्रकृती स्थिर असलेल्यांना गोमेकॉतून एका खेपेला तीन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात. बेटावर द्यायच्याच असतील, तर दवाखान्यात मधुमेह, रक्तदाबाच्या गोळ्या मिळतात त्याच खिडकीवर द्याव्यात. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाची गोपनीयता बंधनकारक केली आहे. ती त्या खिडकीवरही पाळली जावी.

– एक वाचक, चोडण