ती. आई-बाबांना, लाइपझिगहून

लाइपझिग, १५ डिसेंबर २०२५

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी बरी आहे. खोकला गेला, जेवण वेळेवर आहे, आणि चर्चमधल्या गारठ्याने आजारी पडले हे काही खरं नाही. तो ऑफिसातल्या साथीचा खोकला होता.

आत्याला सांगा, मी तिथे गाणं ऐकायलाच जाते. मिरजेच्या दर्ग्यात उरुसाला अब्दुल करीम खाँसाहेबांच्या नावाने मैफल होते, तिथे आपण रात्र-रात्र बसतो. तेव्हा धर्म बुडत नाही, तर इथेही बुडणार नाही.

नाताळच्या आधीचे चार रविवार म्हणजे ॲडव्हेंट. हिरव्या फांद्यांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती वाढते. काल तिसरी लागली. बाखच्या काळी, म्हणजे अठराव्या शतकात हा संगीतकार इथे होता तेव्हा, हे उपासाचे दिवस. पहिला रविवार झाला की नाताळपर्यंत इथल्या चर्चमधलं वाद्यांसह गाणं बंद. आता नेमका याच दिवसांत त्याचा ख्रिसमस ऑरेटोरिओ, म्हणजे येशूच्या जन्माची गाण्यांतून सांगितलेली कथा, गावोगाव होतो. मुळात त्याचे सहा भाग २५ डिसेंबर १७३४ ते ६ जानेवारी १७३५ या काळात सहा वेगवेगळ्या दिवशी झाले. हल्ली बहुतेक ठिकाणी पहिले तीन भाग एका बैठकीत गातात, दीडेक तास लागतो.

बाबा, सुरुवात तुम्हाला फार आवडेल. आधी नुसते नगारे वाजतात, टिंपनी म्हणतात त्यांना. कारण ही चाल मूळची १७३३ सालच्या राणीच्या वाढदिवसाची, आणि तिथले शब्दच होते, नगाऱ्यांनो वाजा, तुताऱ्यांनो घुमा. बाखने स्वतःच्याच चालीवर नवे शब्द बसवून घेतले, आपल्या संगीत नाटकात पदं बसवत तशी. नगारे दोन, एक सा आणि दुसरा खालचा प. वादक मधूनच कातड्याला कान लावून हलकेच बोट मारतो आणि सूर जुळवतो. हवा दमट झाली की कातडं उतरतं, आपल्या तबल्यासारखंच. याच पहिल्या भागात 'तुझं स्वागत कसं करू' असं बाळाला विचारणारं पद आहे. त्याची चाल मात्र इथल्या लोकांच्या कानात गुड फ्रायडेची, क्रुसावरच्या ख्रिस्ताची बसलेली. पाळण्यापाशी ती चाल लागली की आजूबाजूचे म्हातारे मान खाली घालतात.

इथली दाद मात्र तुम्हाला समजावूनच सांगायला हवी. वाहवा नाही, मान डोलावणं नाही, एक पद संपलं म्हणून टाळी नाही. दोन पदांच्या मधल्या क्षणात सगळे एकदम खोकून घेतात आणि पुन्हा गप्प. खोकल्याची गोळी सुरू व्हायच्या आधीच कागद काढून मुठीत धरायची, कारण त्या कागदाची चुरचुर चार ओळींपलीकडे ऐकू जाते. सेंट थॉमस चर्चमध्ये गाणारी मुलं आणि वाद्यमेळ मागच्या उंच सज्जात असतो, आणि खाली बसलेल्यांची तोंडं वेदीकडे. म्हणजे गाणाऱ्यांकडे पाठ करून बसायचं! वळून बघत राहणं बरं दिसत नाही. समोर पाहिलं तर बाखचीच कबर. शेवटचा सूर छताखाली विरून जाईपर्यंत कोणी हात हलवत नाही, त्यानंतर टाळ्या. याला थंडपणा म्हणू नका. सूर पूर्ण विरू देणं हीच त्यांची दाद.

आई, कोट आतही काढत नाहीत. दगडी फरशीतून गारवा चढतो म्हणून लोकरीचे मोजे दोन जोड आणि बसायला पातळ उशी न्यायची. जास्त गरम करत नाहीत त्यालाही कारण आहे. हवा कोरडी पडली की ऑर्गनचं, म्हणजे चर्चमधल्या नळ्यांच्या भल्यामोठ्या वाद्याचं, लाकूड तडकतं. दहा अंशांनी उष्णता वाढली तर त्याच्या साध्या नळ्यांचा सूर पेटीच्या एका पट्टीच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने चढतो. पेटीसारख्या रीडच्या नळ्या जवळपास जागच्या जागी राहतात. मग ऑर्गन आपल्याशीच बेसूर होतो.

तिकीट स्वस्तातलं होतं, खांबामागचं. शुक्रवारी सहाला आणि शनिवारी तीनला मोटेट, म्हणजे चर्चमधल्या गाण्याची छोटी बैठक, असतो, तो तर अगदी थोड्या पैशांत. उधळपट्टी नाही, बाबा.

चाळीस हजार पाठवले आहेत. ते मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठीच. सोसायटीचा हप्ता मी जानेवारीत वेगळा पाठवते. ऑपरेशनच्या दिवशी मी नसेन. रजेसाठी दोनदा विचारलं, नाही मिळाली. दादा आहे, वहिनी आहे, सगळं नीट होईल. डोळ्यात थेंब घालायच्या वेळा वहिनीने कागदावर लिहून भिंतीवर लावाव्यात.

इस्लामपूरच्या स्थळाचं उत्तर दिलं नाही म्हणून आई रागावली आहे, माहीत आहे. मुलगा वाईट आहे असं मी म्हटलेलं नाही. मार्चमध्ये येते, तेव्हा भेटेन, नक्की. तोवर त्यांना ताटकळत ठेवू नका. ते दुसरीकडे बघत असतील तर बघू द्या.

बेदाणे अजून आहेत, पाठवू नका.

तुमची,
मनू