पाळ्यांची वही

प्रिय काकू, आणि ओढ्यावर येणारे तुम्ही सगळे,

तोंडावर आभार मानले की तुम्ही विषय बदलता. म्हणून हे उघड पत्र. आता अडवून दाखवा!

आधी कबुली देते. दर रविवारी गमबूट चढवून तुम्ही ओढ्यात उतरायचात, तेव्हा मी गॅलरीतून बघत ‘हौस असते एकेकाला’ म्हणायचे. जलपर्णी उपसून काठावर टाकायची आणि महिन्याभरात पाणी पुन्हा हिरवंगार! मागे राहिलेला तुकडाही फुटतो, बी चिखलात कित्येक वर्षं तग धरतं, म्हणून ती फुलावर यायच्या आत पुन्हा पुन्हा काढावी लागते, हे मला कुठे माहीत होतं? तिची चादर पसरली की खाली उजेड पोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे गुदमरतात, हेही तुमच्याकडूनच कळलं.

मग बाबा पडले. खुब्याचं हाड, ऑपरेशन. दवाखान्यातून घरी आणलं आणि समजलं, खरी कसरत आता सुरू. घरात मी, सात वर्षांची लेक आणि माझी नोकरी.

तिसऱ्या दिवशी तुम्ही दारात उभ्या होतात, हातात रोपांना पाणी घालण्याच्या पाळ्यांची वही. ‘काही लागलं तर सांग’ असं तुम्ही म्हणाला नाहीत. ते सगळेच म्हणतात, आणि मग सांगायला जीभ उचलत नाही. तुम्ही थेट विचारलंत, “सकाळी हिला शाळेत कोण सोडतं?” आणि ‘ओळ पहिली’, ‘ओळ दुसरी’ यांच्याखाली आमचं घर लिहून टाकलंत. शाळा, औषधं, दुपारी बाबांना वॉकरवर चालवणं, सगळ्यापुढे वार आणि नावं. एकदा पाळी चुकली, लेक फाटकाशी अर्धा तास उभी राहिली. त्या दादांना अजून ते लागून आहे. त्यांना सांगा, ती केव्हाच विसरली.

बाबांना चालवताना काका रोपांबद्दलच बोलायचे. रोज नुसतं शिंपडू नये, दोन-तीन दिवसांनी पण भरपूर घालावं, म्हणजे मुळं खोल उतरतात. खोडाला माती टेकवू नये, साल कुजते. रोप लावायला गर्दी होते, दुसऱ्या उन्हाळ्यात बादली घेऊन कोण येतं, हा काकांचा ठरलेला प्रश्न. बाबा आता तो मला विचारतात.

५ डिसेंबरला आंतरराष्ट्रीय स्वयंसेवक दिन असतो, १९८५ साली संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेला. तुम्हाला सांगितलं तर म्हणाल, “त्या दिवशी पाणी कुणाकडे आहे?”

बाबा काठीवर आलेत. शनिवारी, ओळ दुसरी, त्यांचं नाव लिहा. बादली मी उचलेन. आणि गमबुटांचा माझा नंबर पाच.

तुमची,
गॅलरीवाली