लंडनहून आईस

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

मी मजेत आहे. तू दिलेलं कुळथाचं पीठ अजून पुरतंय, म्हणजे जेवत नाही असं समजू नकोस.

फोनवर बाबा जवळ असतात, म्हणून हे लिहून कळवते. मोठ्या डॉक्टरांची तारीख मिळाली. काही दुखत-खुपत नाही. सोळाव्या वर्षी ‘गर्भपिशवी तयारच झालेली नाही’ एवढं ऐकून आपण एस.टी.त गप्प बसून घरी आलो, त्यापुढे कुणाला काही विचारलंच नाही. आता वहीत प्रश्न लिहून काढतेय. या दुखण्याला एम.आर.के.एच. म्हणतात, साडेचार-पाच हजार मुलींमागे एकीला असतं. बाळ पोटात असताना पहिल्या काही महिन्यांतच ती घडण राहून जाते. तू ग्रहणात विळीवर बसलीस त्याचा काही संबंध नाही, आणि देवाला गाऱ्हाणं घालायचं राहिलं त्याचाही नाही.

ट्रंकेत शालूखाली माझी फाईल आहे. पडवीत उजेडात धरून प्रत्येक पानाचा फोटो पाठव. सोनोग्राफीत किडन्यांबद्दल काय लिहिलंय ते मुख्य, कारण त्याही त्याच सुमारास घडतात आणि काहींना एकच असते. गुणसूत्रांचा कागदही हवा. फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख मागतात, तिथे काय लिहायचं ते मी ठरवलंय.

एकटीच जाणार का, म्हणून सारखी विचारतेस. एकटी नसते गं इथे कुणी! तपासायच्या आधी डॉक्टर विचारतात, खोलीत शॅपरोन हवी का? म्हणजे तिसरं माणूस. नातेवाईक नव्हे, बहुतेक नर्सच. ती काही करत नाही, नुसती उभी राहून बघते की सगळं रीतसर चाललंय ना. डॉक्टर बाई असली तरी विचारतात. नको म्हटलं तर तेही लिहून ठेवतात. आपल्याकडे आई, मावशी, काकू सगळ्याच आत शिरतात, इथे परक्या बाईला मुद्दाम उभं करतात. मी हो म्हणणार आहे.

पुण्याची बातमी खरी आहे. २०१७ मध्ये आईची पिशवी मुलीला बसवली आणि पुढच्या वर्षी बाळ झालं. तू ‘माझी घे’ म्हणालीस आणि मी पावसाचं विचारलं. आई, त्यासाठी मी जात नाहीये. दोघींची मोठी ऑपरेशनं, वर पिशवी आत असेतो औषधं, आणि तुझं बीपी. तो विषय काढू नकोस.

बाबांच्या खात्यात पैसे टाकलेत. पावसाआधी कौलं परतून घ्या, माझ्यासाठी साठवू नका. चतुर्थीला रजा मिळत नाही. गणपतीवर माटवी बांधायला बंड्याला बोलवा, त्याचे पैसेही त्यातच आहेत.

मालवणच्या स्थळाला पत्रिका देऊ नका. ‘नोकरीमुळे सध्या नको’ असं खोटंही सांगू नका. मुलाला जे सांगायचं ते मी सांगेन, काकांनी नाही. बाबांना यातलं किती सांगायचं ते तू ठरव.

तुझी,
सुमी